'फेअर' म्हणजे काय?

(भाईंदर पूर्व येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



मी काही इंग्रजीची जाणकार नाही. पण गेल्या वर्षी एका इंग्रजी शब्दाने मला चांगलंच अडवलं. तो शब्द म्हणजे 'फेअर'.

शाळेत आपली एक कच्ची वही असायची आणि एक फेअर वही. तिथे फेअर म्हणजे नीटनेटकं, खाडाखोड नसलेलं. रेशनचं दुकान सरकारी इंग्रजीत 'फेअर प्राइस शॉप', मराठीत 'रास्त भाव दुकान'. तिथे फेअर म्हणजे वाजवी, न्यायाचं. आणि स्थळांच्या जाहिरातीत फेअर म्हणजे गोरी!

मुलीचा बायोडाटा लिहिताना रंगाच्या रकान्यात मी 'फेअर' लिहिलं. मुलगी माझ्यासारखीच सावळी. तिने वाचलं आणि म्हणाली, "आई, हे खोटं आहे. खोटं लिहिणं फेअर कसं?" मला उत्तर सुचलं नाही. मान खाली घालून बसले.

दोष एकट्या इंग्रजीचा नाही. आपणही 'उजळ माथ्याने' वावरतो, आणि कुणाची अब्रू गेली की 'तोंड काळं केलं' म्हणतो. 1975 साली बाजारात आलेली 'फेअर अँड लव्हली' 2020 साली 'ग्लो अँड लव्हली' झाली. नावातला शब्द गेला, बायोडाटातला रकाना राहिलाच.

मग हा शब्द आपण 'रास्त' या अर्थानेच का धरू नये? 1948 साली सरकारने नेमलेल्या समितीने वेतनाच्या तीन पायऱ्या सांगितल्या : किमान वेतन, त्यावर रास्त वेतन आणि सर्वांत वर माणसासारखं जगता येईल असं निर्वाह वेतन. आपण घरी बसून मणी ओवतो, पाकिटं भरतो. त्याचा दर कोण ठरवतं? 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली 18 वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख मानली. पण माल देणाऱ्याला "हा दर रास्त आहे का?" एवढं विचारताना या कुटुंबप्रमुखाची जीभ अडखळते. मुलीचा रंग मात्र आपण बिनदिक्कत विचारतो.

बायोडाटा आम्ही दोघींनी पुन्हा लिहिला. रंगाचा रकानाच काढून टाकला. स्थळं कमी येतील, असं नणंदबाई म्हणाल्या. येऊ देत कमी.

आता तुम्ही बोला. तुमच्या घरच्या बायोडाटात काय लिहिलंय?