मागेल त्याला काम : सभापती कै. वि. स. पागे
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या मंगल प्रसंगी पुष्कळांच्या नावांचा गौरव झाला आणि तो योग्यच झाला. परंतु महाराष्ट्रात असेही एक नाव होऊन गेले, ज्याने खेड्यापाड्यांतील लाखो चुली पेटत्या ठेवल्या आणि तरी बहुतेक गावांना ते नाव ठाऊक नाही. ते नाव म्हणजे कै. विठ्ठल सखाराम पागे. त्यांच्या कार्याची ओळख करून देणे हा या व्याख्यानाचा हेतू आहे.

पागेसाहेबांचा जन्म १९१० सालचा. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुका ही त्यांची कर्मभूमी. वृत्ती गांधीवादी. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात ते विधान परिषदेचे सभापती झाले. १९७८ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ अठरा वर्षे, त्यांनी ते आसन भूषविले. एवढा दीर्घ काळ सभागृहाने एकाच व्यक्तीवर विश्वास ठेवावा, यातच त्या व्यक्तीची योग्यता दिसून येते.

आता सभापती म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. सभापतीच्या हाती कोणतेही खाते नसते. तो जिल्हाधिकाऱ्यास हुकूम देऊ शकत नाही, की तिजोरीतून एक रुपया काढू शकत नाही. सभागृहात दोन्ही बाजूंना समान न्याय द्यायचा आणि कामकाज नियमाने चालवायचे, एवढेच त्याचे काम. शिवाय विधान परिषदेचे सभासद आपल्यासारख्या सामान्य मतदारांनी थेट निवडून दिलेले नसतात. तेव्हा भूमिहीन मजुराच्या मतासाठी त्याच्या दारी जाण्याची गरज पागेसाहेबांना नव्हती. तरीही त्यांनी आयुष्यभर चिंता वाहिली ती त्या मजुराचीच.

कोरडवाहू मुलखात शेतीला काम असते ते पावसाळ्यात आणि सुगीत. पुढे होळीनंतर शेतमजुराने काय करायचे? सावकाराकडे जायचे, गाव सोडायचे, नाहीतर उपाशी राहायचे. सरकार पूर्वीही दुष्काळी कामे काढीत असे. पण दुष्काळ जाहीर झाला तर काम, नाहीतर नाही, अशी ती रीत होती. पागेसाहेबांचे म्हणणे असे, की पोटाला भूक दुष्काळ जाहीर झाल्यावरच लागते असे नाही. ज्याचे हात धडधाकट आहेत आणि जो काम मागतो आहे, त्याला काम मिळालेच पाहिजे. त्या कामातून जमिनीचे बांध, तलाव, नालाबांध उभे राहिले पाहिजेत, म्हणजे खर्च झालेला पैसा वाया जाणार नाही.

हा विचार त्यांनी नुसता भाषणात मांडला नाही. १९६०च्या दशकात आपल्याच तासगाव तालुक्यात, विसापूरच्या आसपासच्या काही गावांत, तो प्रथम करून पाहण्यात आला. त्या वेळचे मुख्यमंत्री कै. वसंतराव नाईक यांनी त्याला पाठबळ दिले. तो अनुभव जमेस धरून १९७२ साली रोजगार हमी योजना राज्यासाठी स्वीकारण्यात आली.

आणि त्याच वर्षी पावसाने पाठ फिरवली. बहात्तरचा दुष्काळ वडीलधाऱ्या मंडळींना सांगायला नको. खडी फोडणाऱ्या बायका, मिलोची भाकरी, सुकडी, हे सारे ज्यांनी पाहिले त्यांच्या डोळ्यांपुढून ते आजही जात नाही. १९७३ सालच्या मे महिन्यात राज्यात सुमारे पन्नास लाख माणसे सरकारी कामांवर होती. एवढे मोठे संकट येऊनही माणसे मोठ्या प्रमाणावर अन्नान्न करून मेली नाहीत, याचे मुख्य कारण ही कामे होत. मागाहून देशोदेशीच्या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला.

दुष्काळ ओसरला तेव्हा पुष्कळांना वाटले असेल, की आता हे सारे बंद होईल. तसे झाले नाही. योजना पुन्हा मार्गी लागली आणि तिच्यासाठी पैसा कोठून आणायचा याचीही तजवीज झाली. १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसविला. शहरातला नोकरदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या मिळकतीतून दरमहा थोडी रक्कम कापली जाऊ लागली, आणि या योजनेसाठी अशा करांतून जे जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. म्हणजे मुंबईच्या कचेरीत पंख्याखाली बसलेल्या माणसाच्या पगारातून माळरानावर कुदळ चालविणाऱ्याची मजुरी निघू लागली. आपल्या समाजाने एकमेकांचा हात धरल्याचे याहून मोठे उदाहरण क्वचितच सापडेल.

१९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून, प्रजासत्ताकदिनी, तो अमलात आला. मजुराने नमुना ४ भरून काम मागायचे. पंधरा दिवसांच्या आत त्याला काम द्यायचे. देता आले नाही तर बेकारी भत्ता द्यायचा. कामावर ठेकेदार नाही. खर्चाचा साठ टक्के भाग मजुरीवर गेला पाहिजे. कामावर पिण्याचे पाणी, सावली आणि लहान मुलांना सांभाळण्याची सोय हवी. मजुरी कामाच्या मापावर, आणि बाईला व पुरुषाला दर एकच. शेतात बाईला कमी मजुरी देण्याची रीत असलेल्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. म्हणूनच या कामांवर स्त्रियांची संख्या फार मोठी राहिली.

या योजनेला दोष लागले नाहीत असे कोणी म्हणणार नाही. खोटी हजेरी लागली, मोजमापे वाढवून लिहिली गेली, मजुरी महिना महिना अडकली, काही कामे पहिल्या पावसात वाहून गेली. परंतु हे दोष कायद्याचे नव्हेत, तो राबविणाऱ्या हातांचे आहेत. पागेसाहेबांनी मजुराला जी वस्तू दिली ती दान नव्हती, हक्क होता. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते. हक्क मागणाऱ्याच्या अर्जावर असतो. दान घेताना मान खाली जाते, हक्क मागताना ती ताठ राहते.

पण हक्काची एक अट असते, ती ग्रामस्थांनी पक्की ध्यानात ठेवावी. पंधरा दिवसांची मुदत मोजायची ती अर्जाच्या तारखेपासून. तोंडी मागितलेल्या कामाला तारीख नसते, आणि तारीख नसली की हमीही नसते. म्हणून मजुराने अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. लिहिता न येणाऱ्यास शेजारच्या शिकलेल्या मुलाने अर्ज लिहून द्यावा. ही चार बोटांची पोच म्हणजेच पागेसाहेबांच्या सगळ्या खटपटीचे फळ आहे.

पुढे २००५ साली संसदेने सबंध देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला आणि २००६ च्या फेब्रुवारीत त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यात वर्षाला कुटुंबामागे शंभर दिवसांची हमी होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्यात दिवसांची अशी मर्यादाच नव्हती. योजनांची नावे आणि नियम काळाप्रमाणे बदलत जातात. मात्र जो काम मागतो त्याला राज्याने उत्तर दिले पाहिजे, हा विचार कायद्याच्या रूपाने प्रथम महाराष्ट्राच्या मातीत रुजला, हा मान कोणी हिरावून घेऊ शकत नाही.

पागेसाहेब १९९० साली निवर्तले. मंत्रिपद नाही, खाते नाही, तरी एका लोकप्रतिनिधीला केवढे काम करता येते याचा ते धडा घालून गेले. मंदिराच्या भिंतीवर देणगीदारांच्या नावांची शिळा बसते, आणि बसावीच. परंतु रोजगार हमीवर झालेल्या पाझर तलावांवर आणि रस्त्यांवर घमेली वाहणाऱ्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत. त्या तलावांचे पाणी विहिरींना लागते तेव्हा त्या अनाम हातांची आठवण ठेवावी, आणि गावात यापुढे काम मागणारा कोणीही रिकाम्या हाताने परत जाणार नाही एवढी काळजी घ्यावी. पागेसाहेबांना तीच खरी आदरांजली होईल.

जय हिंद, जय महाराष्ट्र.