परदेशी निघालेला कुत्रा

घर मोडून कायमचे परदेशी जावयाचे ठरले म्हणजे सामानाची वाटणी सुरू होते. कपाट कोणास द्यावे, पुस्तके कोठे ठेवावीत, हे प्रश्न चार दिवसांत सुटतात. दाराशी बसलेल्या कुत्र्याचा प्रश्न मात्र तसा सुटत नाही. ज्याने इतकी वर्षे उंबरठा राखला, त्याला कपाटाप्रमाणे कोणाच्या तरी हवाली करणे मनाला पटत नाही. आणि बरोबर न्यावे तर सरकारी अटी आड येतात. त्यातच गुरांची साथ चालू असेल तर त्या अटींची संख्या वाढते.

२००१ साली ब्रिटन सोडून निघालेल्या कुटुंबांवर हीच वेळ आली. त्या वर्षी २० फेब्रुवारीस एसेक्स परगण्यातील एका कत्तलखान्यातील डुकरांना लाळ-खुरकूत झाल्याचे निश्चित झाले. तीन दिवसांत गुरांची ने-आण बंद झाली. शेतांमधून जाणाऱ्या पायवाटांवर मज्जाव आला; ३ मे रोजी व्हावयाच्या स्थानिक निवडणुकाही ७ जूनपर्यंत पुढे ढकलण्यात आल्या. साथ आटोक्यात येईपर्यंत ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. त्यांत शेजारच्या गोठ्यात रोग निघाला एवढ्याच कारणाने मारलेली निरोगी जनावरेही पुष्कळ होती.

पण कुत्र्याचा या साथीशी संबंध काय? लाळ-खुरकूत हा दुभंगलेल्या खुरांच्या जनावरांचा रोग आहे. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर यांना तो होतो. कुत्र्याला सहसा होत नाही. मग निरोगी कुत्र्याला अटकाव कशासाठी?

याचे उत्तर कुत्र्याच्या पायांशी आहे. या रोगाचा विषाणू इतका सूक्ष्म आहे की जीवाणूंना अडविणाऱ्या गाळणीतूनही तो पार जातो, हे लोफ्लर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ साली दाखवून दिले. ओल्या, थंड चिखलात, शेणात आणि गवताच्या काडीवर तो बरेच दिवस तग धरतो. कुत्रा स्वतः धडधाकट असतो. परंतु त्याच्या पंजांना चिकटलेली माती एका देशाचा रोग दुसऱ्या देशात नेऊ शकते.

अमेरिकेत १९२९ नंतर हा रोग आलेला नाही, आणि तो पुन्हा येऊ नये म्हणून तेथील शेतीखाते दक्ष असते. हा रोग असलेल्या देशातून येणाऱ्या कुत्र्याला ते खाते परत धाडीत नाही. त्याचे म्हणणे एवढेच की, कुत्र्याचे पाय, केस व अंथरूण यांवर चिखलमाती नसावी. पिंजऱ्यात गवत वा पेंढा घालू नये. मुक्कामी पोहोचताच त्याला आंघोळ घालावी. आणि पुढे निदान पाच दिवस त्याला गुराढोरांपासून दूर ठेवावे.

या अटी दूरच्या ब्रिटनपुरत्या नाहीत. लाळ-खुरकूत भारतातही आहे, आणि तिला आवर घालण्यासाठी गुरांना लस टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली हाती घेण्यात आला. तेव्हा इंदूर किंवा बडोद्याहून अमेरिकेत स्थायिक होण्यास निघालेल्या कुटुंबाच्या कुत्र्यालाही हाच नियम लागू पडतो.

मातीचा हा नियम तासाभराच्या कामाने पाळता येतो. पिसाळरोगाविषयीचे नियम मात्र निराळे आहेत, कारण तो रोग कुत्र्याला स्वतःला होतो. त्यासाठी लस, रक्ततपासणी, कातडीखाली बसवावयाची ओळखखूण अशी तयारी लागते आणि ती कित्येक महिने आधी आरंभावी लागते. ऑगस्ट २०२४ पासून अमेरिकेने सहा महिन्यांहून लहान पिल्लांना प्रवेश बंद केला आहे. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट आणलेला कुत्रा स्वीकारीतच नाही. तिकिटे काढल्यावर चौकशी करणाऱ्यांना बहुधा ताटातूट सोसावी लागते. म्हणून घर विकण्यापूर्वीच ज्या देशात जावयाचे त्याचे नियम पाहावेत आणि पशुवैद्याला भेटावे.

नियम जाचक वाटतात, कारण आपल्या डोळ्यांसमोर आपला कुत्रा असतो, पलीकडचा गोठा नसतो. त्या गोठ्यातही कोणी नाव ठेवून वाढविलेली गाय उभी असते, आणि रोग शिरला तर तिच्या धन्याला एका दिवसात सारे गमवावे लागते. बाहेरून आलेल्याने पाय धुऊन घरात यावे, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. त्यात पाहुण्याचा अपमान नसतो, घराची काळजी असते. परदेशी निघालेल्या कुत्र्याच्या धन्याकडून त्या अनोळखी गोठ्याला एवढीच अपेक्षा आहे.