सेवाक्षेत्राची पूर्वतयारी : वर्तनविज्ञानाचा अभ्यास

बालसंरक्षण, समुपदेशन, पुनर्वसन, वृद्धसेवा, सार्वजनिक आरोग्य अशा क्षेत्रांत काम करू इच्छिणारे अनेक तरुण सेवाभाव हीच आपली मुख्य पात्रता मानतात. सेवाभाव आवश्यक आहेच, परंतु तो पुरेसा नाही. ज्याच्यासाठी काम करावयाचे तो माणूस तसा का वागतो, हे उमगले नाही, तर चांगली योजनाही त्याच्या उंबरठ्याबाहेरच राहते. या 'का'चा पद्धतशीर शोध म्हणजे वर्तनविज्ञान. मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि सामाजिक मानववंशशास्त्र हे त्याचे प्रमुख आधार होत.

पोलिओ निर्मूलनाच्या मोहिमेत देशाला याचा प्रत्यय आला. २००२ मध्ये भारतात पोलिओचे १,६०० रुग्ण आढळले. त्यांपैकी बहुसंख्य उत्तर प्रदेशातील होते. लस उपलब्ध होती, पथके दारोदार जात होती, तरीही राज्याच्या पश्चिम भागातील काही वस्त्यांत दारे बंद होत. या नकाराला 'अज्ञान' म्हणून मोकळे होणे सोपे होते. प्रत्यक्षात त्यामागे वंध्यत्वाची अफवा होती आणि एक रास्त प्रश्नही होता : जेथे सांडपाण्याचा निचरा नाही, दवाखान्यात औषध नाही, तेथे शासन केवळ हे दोन थेंब घेऊनच पुन:पुन्हा का येते?

अभिवृत्तीचे बोधात्मक, भावात्मक आणि वर्तनात्मक असे तीन घटक मानले जातात. माहितीपत्रक फार तर पहिल्या घटकापर्यंत पोहोचते. भीती आणि अविश्वास दुसऱ्या घटकात असतात, आणि तेथे संदेशाइतकेच संदेश देणाऱ्याच्या विश्वासार्हतेला महत्त्व असते. म्हणूनच युनिसेफच्या साहाय्याने उभारलेल्या सामाजिक जाळ्यात वस्तीतीलच स्त्रियांना काम देण्यात आले. धर्मगुरू तसेच अलीगढ मुस्लिम व जामिया मिलिया इस्लामिया या विद्यापीठांचे सहकार्य घेण्यात आले. थेंबांच्या जोडीला स्वच्छता, स्तनपान, अतिसारावरील उपचार आणि नियमित लसीकरण यांविषयीही संवाद होऊ लागला. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात देशातील वन्य पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. सुधारित लस, काटेकोर नियोजन आणि अखंड देखरेख यांचाही या यशात मोठा वाटा आहे. मात्र बंद दार उघडल्याशिवाय यांपैकी काहीही बालकापर्यंत पोहोचले नसते.

असे काम केवळ पुस्तकातून शिकता येत नाही. मुंबईत १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क या नावाने सुरू झालेली आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था असो किंवा समाजकार्याचे अन्य महाविद्यालय असो, वर्गातील अध्यापनाइतकेच क्षेत्रकार्यालाही तेथे स्थान असते. पदवीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. केवळ मानसशास्त्राची पदवी घेऊन कोणी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ होत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषद अधिनियम, १९९२ अन्वये नोंदणी लागते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी आणि आरोग्यसेवा व्यवसाय आयोग अधिनियमाने वर्तनविषयक आरोग्य क्षेत्रातील अन्य व्यावसायिकांनाही आपल्या कक्षेत घेतले आहे.

स्पर्धा परीक्षांच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. नागरी सेवा मुख्य परीक्षेत २०१३ पासून समाविष्ट झालेल्या नीतिशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेत अभिवृत्ती, भावनिक बुद्धिमत्ता आणि समानुभूती हे घटक आहेत. त्यांच्या व्याख्या पाठ करण्यापेक्षा एखाद्या अंगणवाडीत, वृद्धाश्रमात किंवा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात काही दिवस निरीक्षण केल्यास त्या अधिक स्पष्ट होतील. अशा ठिकाणी पूर्वपरवानगी घेणे आणि कानावर आलेली खासगी बाब गुप्त राखणे, हाही अभ्यासाचाच भाग होय.

एक इशारा मात्र आवश्यक आहे. वर्तनाचे ज्ञान हे माणसाला हवे तसे वळविण्याचे साधन नव्हे. लाभार्थ्याला कारणे विचारण्याचा आणि नकार देण्याचा अधिकार आहे, हे मान्य करूनच ते वापरावे लागते. उद्या तुमच्यापैकी कोणी अधिकारी होईल, कोणी समुपदेशक. एखाद्या दाराशी नकार मिळाला, तर अहवालात 'असहकार' असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या घराचे म्हणणे ऐकून घ्यावे. वर्तनविज्ञानाच्या अभ्यासाचा खरा उपयोग तेथे सुरू होतो.