भिंतीवरचं शेत

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय जरा वेगळा आहे. घरात निसर्गचित्र लावायचं, तर कुठलं लावायचं?

बहुतेक हॉलमध्ये काय दिसतं? बर्फाचे डोंगर, मधे तळं, काठाला लाकडी घर. सोफ्याला मॅच झालं की घेतलं. दिसायला छानच असतं, पण त्या तळ्याकाठी आपल्या घरातलं कुणी कधी बसलेलं नसतं.

आता आबालाल रहिमान बघा. कोल्हापूरचे, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, परत गावी आले आणि कोटितीर्थ, पंचगंगा असा रोजच्या बघण्यातला परिसर रंगवत राहिले. १९३१ मध्ये ते गेले. कोल्हापूर बदललं, पण त्यांनी बघितलेलं पाणी आणि उजेड चित्रात राहिला.

मी वसमतचा. आमचं गाव म्हणजे हळद. २०२४ मध्ये तिला जीआय मानांकनही मिळालं. सीझनमध्ये शिजवलेली हळद वाळत घातली की रानात नुसता पिवळा पट्टा दिसतो. आजोबा गेले, शेत विकलं गेलं आणि आजी आमच्याकडे पुण्याला आली. फ्लॅटमध्ये ती फार बोलायचीच नाही. माझ्या फोनमध्ये शेताचे दोनेकशे फोटो होते. चार बघायची, "बरंय" म्हणायची, फोन परत द्यायची.

मग गावाकडच्या एका ड्रॉइंगच्या सरांकडून त्याच फोटोंवरून वॉटरकलर करून घेतलं. आजीनं चष्मा पुसला, जवळ जाऊन बघितलं आणि विचारलं, "लिंब कुठंय रे?"

ते झाड माझ्या जन्माआधीच तोडलेलं. फोटोत येणार कुठून? सरांना फोन लावला. आजी सांगत गेली, खोड किती जाड, फांदी कुठं झुकलेली, सावली कुठवर. सरांनी नवा कागद घेतला आणि लिंब काढला.

इथंच फरक आहे, मंडळी. कॅमेरा त्या दिवशी समोर जे आहे तेवढंच सेव्ह करतो. चित्रात डिलीट झालेलं झाडही परत आणता येतं, फक्त ते आठवणारं माणूस हवं.

आता ते चित्र जेवायच्या टेबलासमोर आहे. आजी तिथं बसून सांगते, त्या लिंबाखाली रात्रभर कढईत हळद शिजायची, झोप लागू नये म्हणून आजोबा भजनं म्हणायचे. हे माझ्या बाबांनाही माहीत नव्हतं! आता बॉयलर आलेत, तसल्या रात्री आता होणार नाहीत.

तर या आठवड्याचं काम. आजी-आजोबांना फोन करा, एकच प्रश्न विचारा: "आपल्या शेतात, वाड्यात आधी काय होतं, जे आता नाही?" उत्तर रेकॉर्ड करा. जवळच्या कुणा चित्रकाराला ऐकवा. चित्र साधं झालं तरी चालेल, पण उशीर नका करू. सांगणारी माणसं आहेत तोवरच ते झाड परत येऊ शकतं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!