ठगांचा रुमाल

गुप्त मंडळीचें चिन्ह म्हटलें कीं अंगठी, बिल्ला किंवा हस्तांदोलनाची एखादी ठराविक खूण आपल्या डोळ्यांपुढें येते. आपल्यांतल्यानें ओळखावें आणि परक्यानें ओळखूं नये, एवढेंच त्या चिन्हाचें काम. शस्त्र निराळें असतें व तें लपवावें लागतें. परंतु चिन्ह तेंच शस्त्र, आणि तेंही भर रस्त्यांत सर्वांच्या देखत अंगावर बाळगतां येण्याजोगें, असा एक विलक्षण प्रकार आपल्याच देशांत होऊन गेला. तो म्हणजे ठगांचा रुमाल.

रुमाल ह्या शब्दानें कोणाच्याही मनांत भीति उत्पन्न होत नाहीं. आपल्या पणजोबांनीं तो डोक्यास बांधला. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधून ठेवीत, म्हणून त्या गठ्ठ्यांनाही रुमाल हेंच नांव पडलें. ठगाचा रुमाल दिसण्यांत असाच निरुपद्रवी. दुहेरी केला म्हणजे त्याची लांबी सुमारें ३० इंच भरे व टोंकास एक गांठ असे. नाक्यावरच्या शिपायानें तो शंभर वेळां पाहिला असता, तरी घाम पुसण्यापलीकडे त्याचा कांहीं उपयोग असेल अशी शंका त्यास आली नसती.

मात्र हा रुमाल ज्याच्या त्याच्या हातीं पडत नसे. टोळींत कामांची वांटणी ठरलेली असे. गोड बोलून वाटसरूंना सोबतीस ओढणारा, ऐन वेळीं त्यांचे हात धरणारा, गळ्याला फांस घालणारा आणि प्रेतें पुरणारा, अशा निरनिराळ्या पायऱ्या होत्या, आणि त्यांत फांस घालणाऱ्याचा मान मोठा. तो मान ज्यास हवा असे, त्यानें एखाद्या मुरलेल्या ठगास गुरु करावें. गुरु रुमालाच्या टोंकांत एक रुपया घालून गांठ मारी व शिष्य तो रुमाल उजव्या हातानें नम्रपणें घेई. पहिला खून पार पडला कीं शिष्यानें गुरूच्या पायांस स्पर्श करावा, गांठ सोडावी आणि तो रुपया नजराणा म्हणून पुढें ठेवावा. त्यांतून गूळ आणून विधिपूर्वक वांटला जाई. आपल्या घरोघर पवित्र मानलेल्या गुरुदक्षिणेची ही भेसूर छाया पाहून अंगावर कांटा उभा राहतो.

रुमालाच्या जोडीला कुदळी असे. देवीनें आपल्या भक्तांस दाताची कुदळी दिली, बरगडीची सुरी दिली आणि नेसत्या वस्त्राचा कांठ फांसासाठीं दिला, अशी कथा ठग सांगत. कुदळीस पाण्यानें, गुळाच्या पाण्यानें, दह्यानें व दारूनें न्हाऊं घालीत, शेंदुराचे सात ठिपके लावीत आणि तिनेंच नारळ फोडीत. तिच्यावर घेतलेल्या शपथेहून कडक शपथ त्यांच्यांत नव्हती.

आतां प्रश्न असा कीं, इतक्या गुप्त गोष्टी आपणांस कळल्या कशा? त्या कळल्या त्या मुख्यतः विल्यम स्लीमन ह्या कंपनीच्या अधिकाऱ्यामुळें. त्यानें पकडलेल्या ठगांपैकीं कित्येकांस माफीचे साक्षीदार केलें, त्यांच्या जबान्या उतरून घेतल्या आणि त्यांच्या रामसी नांवाच्या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला. पुढें आपल्या नळदुर्ग भागाचा कारभार ज्यानें पाहिला, त्या मेडोज टेलरची ठगाविषयींची कादंबरी १८३९ सालीं निघाली आणि हा रुमाल विलायतेच्या दिवाणखान्यांत जाऊन पोंचला.

फांशीचा दोर चुकविण्यासाठीं बोलणारा मनुष्य साहेबास आवडेल तेंच अधिक रंगवून सांगणार नाहीं, अशी खात्री कोण देईल? तरीही सर्वच बनावट म्हणतां येत नाहीं, कारण साक्षीदारांनीं दाखविलेल्या जागा खणल्या तेव्हां खरोखरच प्रेतें निघालीं. किम वॅगनर ह्या इतिहासकारानें २००७ सालच्या आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें आहे कीं, टोळ्या खऱ्या, खूनही खरे, परंतु हिंदुस्थानभर पसरलेला एकच नरबळी देणारा पंथ ही मुख्यतः कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कल्पनेची निर्मिति होय. हें लुटारू प्रसंगीं तरवारही वापरीत.

खरी अडचण पुढेंच आहे. तरवारीला रक्त लागतें व तें बोलतें. रुमाल मात्र खुनापूर्वीं जसा होता तसाच खुनानंतर राहतो. मग न्यायाधीशानें पुरावा कोणता धरावा? कंपनी सरकारनें ह्यावर जो उपाय काढला, तो १८३६ चा तिसावा कायदा. ठगांच्या टोळींत कोणी होता, मग तो कायद्यापूर्वीं असो वा नंतर, कंपनीच्या मुलखांत असो वा बाहेर, एवढें शाबीत झालें कीं त्यास जन्मभर सक्तमजुरीची कैद! अमुक दिवशीं अमुक मनुष्यास मारलें हें सिद्ध करण्याची गरज उरली नाहीं, आणि ठग म्हणजे कोण ह्याची व्याख्याही त्या कायद्यांत नव्हती. १८४० पर्यंत ३,००० हून अधिक लोकांवर खटले चालले व ४०० हून अधिक फांसावर चढले. जबलपुरास उद्योगशाळा काढून कैद्यांच्या व साक्षीदारांच्या मुलांसही तेथें तंबू व सतरंज्या विणण्यास बसविलें.

कृत्यावरून टोळीकडे आणि टोळीवरून मुलांकडे, असा हा प्रवास झाला. त्याचा पुढचा मुक्काम १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा. आतां संशयासाठीं रुमालाचीही आवश्यकता नव्हती; अमुक आईच्या पोटीं जन्म झाला एवढें पुरे होतें. १९११ च्या कायद्यानंतर आपल्या मुंबई इलाख्यांतही त्याचा अंमल बसला. सोलापूरच्या तारेच्या कुंपणांत कित्येक कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांची हजेरी देत राहिलीं. ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं तीं कायद्यानें मुक्त झालीं, म्हणून त्यांचे वंशज तो विमुक्त दिन म्हणून पाळतात. भारतीय दंडविधानांतील ठगांविषयींचीं कलमें तर १ जुलै २०२४ पर्यंत जिवंत होतीं.

श्रोतेहो, ठगाच्या रुमालानें वाटसरूचा घात केला, कारण तो कोणाच्याही खांद्यावर असूं शकत होता. परंतु ज्या शस्त्रास वेगळें रूप नाहीं, त्याचा शोध घेणारा प्रत्येकाच्या खांद्याकडे संशयानें पाहूं लागतो, आणि थोड्याच काळांत त्याला रुमालाऐवजीं जात दिसूं लागते. ह्या संशयाचा फांस त्या टोळ्यांहून अधिक काळ टिकला, आणि ज्यांनीं कधीं कोणाचा केसही वांकडा केला नाहीं त्यांच्या गळ्यांत तो पडला. विमुक्त झालेल्या वस्तींतला एखादा मुलगा आजही शाळेंत आपल्या जातीचें नांव सांगतांना अडखळतो. त्याच्या शेजारीं आपलीं मुलें बसत असतील, तर घरीं त्यांना हा इतिहास सांगावा. अर्धा नव्हे, दोन्ही बाजूंनीं सांगावा.