सिनेमातली गाडी आणि रुळावरचे पदार्थविज्ञान

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



गणपतीत रस्त्यावर पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायची पद्धत तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुढे जागा मिळाली नाही की आम्ही पोरे पडद्याच्या मागे जाऊन बसत असू. तिथून सगळी पात्रे डावखुरी दिसायची! आज मी तुम्हाला त्याच सिनेमांकडे जरा वेगळ्या बाजूने बघायला सांगणार आहे. मी काही पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला इंजिनिअर आहे. त्यामुळे उदाहरणे बहुतेक गाडीची असतील, ते चालवून घ्यावे.

पदार्थविज्ञान म्हटले की लोकांना शाळेतले पुस्तक आठवते आणि ते हळूच उठून जातात. सिनेमा म्हटला की उठलेलेही परत बसतात. हे ओळखून अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातल्या युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडामध्ये कोस्टास एफ्थिमियू आणि राल्फ लेवेलिन या दोन प्राध्यापकांनी २००२ साली सिनेमातून पदार्थविज्ञान शिकवायला सुरुवात केली. त्यांचे विद्यार्थी विज्ञान शाखेचे नव्हते. प्रसंग दाखवायचा, त्यातली अंतरे व वेग अंदाजाने काढायचे आणि गणित मांडून ‘हे होईल का?’ असे विचारायचे, एवढीच ती पद्धत.

‘स्पीड’ हा १९९४ चा सिनेमा घ्या. त्यात अर्धवट बांधलेल्या पुलावरची ५० फुटांची फट बस उडी मारून पार करते. ५० फूट म्हणजे सुमारे १५ मीटर. बसचा वेग ताशी ११० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण ३० मीटर. फट ओलांडायला अर्धा सेकंद लागला. पण त्या अर्ध्या सेकंदात गुरुत्वाकर्षण काही सुट्टीवर नसते. तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू सव्वा मीटर, म्हणजे चार फूट खाली येते. रस्ता सपाट असेल तर बस पलीकडच्या कडेवर आपटणार! आठवीतल्या मुलाला येईल असे हे गणित आहे.

आता आपल्याकडे येऊ. ‘शोले’मध्ये (१९७५) डाकू घोड्यांवरून मालगाडीचा पाठलाग करतात. चौखूर धावणारा घोडा थोडा वेळ ताशी ४०-५० किलोमीटर वेग सहज गाठतो. गाडीही तेवढ्याच वेगाने चालली असेल तर स्वाराला शेजारचा डबा जागीच उभा असल्यासारखा दिसेल. याला सापेक्ष वेग म्हणतात. म्हणजे हा प्रसंग अगदीच अशक्य कोटीतला नाही.

हाच नियम ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’च्या (१९९५) शेवटी आहे. तो प्रसंग आपल्या रायगड जिल्ह्यातल्या आपटा स्टेशनवर चित्रित झाला. सिमरन फलाटावरून धावते आणि राज तिला हात देऊन डब्यात ओढून घेतो. गाडी दर सेकंदाला फक्त ०.२ मीटर प्रति सेकंद इतका वेग वाढवते असे धरू. दहा सेकंदांनी तिचा वेग ताशी ७ किलोमीटर होईल, म्हणजे भराभर चालण्याएवढा. वीस सेकंदांनी १४, तीस सेकंदांनी २१. घागरा घालून धावणाऱ्या मुलीला पहिल्या दहा सेकंदांत गाडी मिळेल, विसाव्या सेकंदाला कठीण, आणि तिसाव्याला विसरा. सिनेमात तेच अंतर लांबवून दाखवतात आणि आपला श्वास अडकतो. स्टेशनवर मात्र माणूस ‘अजून हळू आहे’ म्हणत धावत राहतो आणि तेवढ्यात गाडीचा वेग दुप्पट झालेला असतो. उतरताना याच्या उलट होते. पाय फलाटाला लागून थांबतात, पण अंग जडत्वाने पुढेच जात राहते.

‘द बर्निंग ट्रेन’ (१९८०) पाहिला नाही असा रेल्वेवाला विरळाच. त्यात डॅनीने रंगवलेला खलनायक ब्रेक निकामी करतो आणि गाडी थांबेनाशी होते. इथे आमच्या खात्याची बाजू मांडली पाहिजे. आजच्या गाडीत एअर ब्रेक असतो. संपूर्ण गाडीभर एक नळी जाते, तिला ब्रेक पाइप म्हणतात. तिच्यात दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो इतका हवेचा दाब भरलेला असतो. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. नळी फुटली, डबे तुटून वेगळे झाले किंवा तुम्ही साखळी ओढलीत, की दाब उतरतो आणि ब्रेक आपोआप लागतात. पूर्वीच्या व्हॅक्यूम ब्रेकमध्ये उलट होते. नळीत निर्वात ठेवत आणि हवा आत शिरली की ब्रेक लागत. तत्त्व एकच, बिघाड झाला तर गाडी थांबावी. जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८७२ मध्ये असा स्वयंचलित ब्रेक काढला. खलनायकाने नळी कापली असती तर गाडी जागची हललीच नसती. खरोखर घात करायचा तर त्याला एकेका डब्याचा ब्रेक वेगळा बाद करत बसावे लागले असते.

बालमित्रांसाठी ‘स्पायडर-मॅन २’ (२००४). स्पायडर-मॅन जाळी टाकून धावती लोकल थांबवतो. सहा डबे, प्रत्येकी ३० टन आणि ताशी ८० किलोमीटर वेग असे आपण धरू. ती ३०० मीटरमध्ये थांबवायला साधारण दीड लाख न्यूटन बल लागेल, म्हणजे १५ टन वजन दोन्ही हातांना टांगल्यासारखे! पण एक गोष्ट त्यांनी बरोबर दाखवली आहे. जाळी ताणत जाते आणि गाडी हळूहळू थांबते. ती ३ मीटरमध्ये थांबवली असती तर शंभरपट बल लागले असते आणि आतले प्रवासी डब्याच्या भिंतीवर आदळले असते.

इथे मुख्य मुद्द्यावर येतो. सिनेमात रुळावर कोणी अडकले की ड्रायव्हर लिव्हर ओढतो, चाकांतून ठिणग्या उडतात आणि गाडी नाकापुढे येऊन थांबते. खरी गाडी अशी थांबत नाही. लोखंडी चाक आणि लोखंडी रूळ यांच्यातले घर्षण रबरी टायर आणि डांबरी रस्ता यांच्यापेक्षा फार कमी असते. कमी घर्षणामुळेच एक इंजिन हजारो टन ओढू शकते, आणि त्याच कारणाने गाडी थांबायला वेळ लागतो. ताशी १०० वेगाची मोटार चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून ५५-६० मीटरमध्ये थांबेल. त्याच वेगाच्या गाडीचा वेग दर सेकंदाला अर्धा मीटर प्रति सेकंद कमी होतो असे धरले, तर तिला ७७० मीटर लागतील आणि जवळजवळ एक मिनिट जाईल. २२ डब्यांची गाडीसुद्धा एवढी लांब नसते. वेग निम्मा केला तर अंतर निम्मे होत नाही, पाव होते, कारण ते वेगाच्या वर्गावर ठरते.

आणि रात्री हेडलाइटच्या उजेडात लोको पायलटला दिसते काही शे मीटर. म्हणजे माणूस दिसल्या क्षणी त्याने ब्रेक लावला तरी गाडी त्या माणसाच्या पुढे जाऊनच थांबणार. त्याचा हात कितीही चपळ असो, गणितापुढे तो काय करणार? १९ ऑक्टोबर २०१८ ला, दसऱ्याच्या संध्याकाळी, अमृतसरमध्ये रुळांवर उभे राहून रावणदहन पाहणाऱ्या गर्दीवरून गाडी गेली. साठच्या आसपास माणसे गेली. अंधार होता, फटाक्यांचा आवाज होता आणि सगळ्यांचे लक्ष समोर होते.

मित्रहो, विसर्जनाच्या रात्री आपल्याकडेही अंधार असतो, ढोल-ताशा असतो आणि सगळ्यांचे लक्ष बाप्पाकडे असते. तळ्याकडे जायला रूळ ओलांडून जाणारी पायवाट जवळची आहे, हे मला माहीत आहे. पुलावरून गेले तर वेळ जास्त लागतो, हेही मान्य. तरी मिरवणूक पुलावरूनच जावी आणि मागे रेंगाळणाऱ्या मुलांबरोबर दोन मोठी माणसे असावीत, अशी माझी मंडळाला हात जोडून विनंती आहे.

आणखी एक. ‘दिल से’मधले (१९९८) ‘छैया छैया’ गाणे बघून गाडीच्या टपावर चढणारी पोरे मी पाहिली आहेत. ते गाणे निलगिरीच्या डोंगरी गाडीवर चित्रित झाले. त्या मार्गावर वर वीजतार नाही. आपल्या इथल्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लावावा लागत नाही, नुसते फार जवळ गेले तरी वीज हवेतून उडी घेते. म्हणून आम्हालाही चालू तारेपासून २ मीटर दूर राहण्याचा नियम आहे. सेल्फीसाठी उभ्या वॅगनवर चढणाऱ्या मुलाला हा नियम कोणी सांगितलेला नसतो. तो आपण सांगायचा.

घरी टीव्हीवर सिनेमा लागला की मुलांना उठवू नका. शेजारी बसा आणि एवढेच विचारा: वेग किती असेल? अंतर किती? थांबायला किती लागेल? वहीच्या मागच्या पानावर त्यांना आकडे मांडू द्या. सिनेमाची मजा कमी होत नाही, हे मी माझ्या घरी पाहिले आहे. आणि ज्या मुलाने ७७० हा आकडा स्वतः काढला, ते फाटक बंद असताना खालून वाकून जाण्याआधी थांबेल, अशी मला खात्री आहे.



गणपती बाप्पा मोरया!