बाजारपेठेला कुलूप का लागते?

(मुंबईत राहणाऱ्या जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर तालुक्यांतील कार्यकर्त्यांच्या घाटकोपर येथील बैठकीत झालेले भाषण जिल्हा बैठकांसाठी देत आहोत.)

माझ्या शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो,

घाटकोपरमध्ये बसलेल्या माणसांना मी 'शेतकरी भावांनो' म्हणालो, तेव्हा पुढच्या रांगेतले दोघेतिघे हसले. हसण्यासारखे त्यात काही नाही. तुमच्यापैकी कोणी डबे पोचवतो, कोणी वाशीच्या मार्केटात माल उतरवतो, कोणी भांडुप-मुलुंडच्या कारखान्यात फिटर म्हणून उमर काढली. पण सातबारावर तुमचे नाव आहे. तुम्ही मुंबईला हौस म्हणून आला नाहीत. शेतीत भागेना, म्हणून तुमच्या वडिलांनी तुम्हाला एस.टी.त बसवून दिले.

आज मला शेतमालाच्या भावाविषयी बोलायचे नाही. ते आपण चाळीस वर्षे बोलत आलो आणि पुढेही बोलणार आहोत. आज मी बाजारपेठेविषयी बोलणार आहे. तुमच्या गावापासून पाच-दहा मैलांवर जे बाजाराचे गाव असते, जिथे आठवड्याचा बाजार भरतो, त्या गावाची पेठ का ओस पडत चालली आहे?

तुमच्या लहानपणचा बाजार आठवा. पेठेच्या तोंडाशी लोहाराचा भाता चालायचा. गाडीच्या चाकाला धाव चढवून मिळायची, विळ्याला धार लावून मिळायची. पलीकडे सुताराकडे तिफण दुरुस्त व्हायची. पुढे इंजिने आली, विजेच्या मोटारी आल्या, तसा त्याच पेठेत मोटार भरून देणारा आला, वेल्डिंगवाला आला. शेतकऱ्याची अडचण आणि ती सोडवणारा हात एका हाकेच्या अंतरावर होते.

आता जाऊन पाहा. मोबाइलचे दुकान, फ्लेक्स छापणारा, बाहेरून आलेली तयार पाकिटे विकणारी चार दुकाने. मधल्या दुकानांची शटरे खाली. मालक म्हणतो, गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक येणार कुठून? शेतकऱ्याच्या हातात पैसा राहिला नाही तर पेठेत पैसा कुठून यायचा? शेत सुकले की पेठ सुकते. व्यापारी आणि शेतकरी एकमेकांचे वैरी आहेत असे सांगणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे.

पण ही अर्धीच गोष्ट झाली. दुसरी अर्धी आपल्याला बोचणारी आहे. एखाद्या वर्षी कांद्याला भाव मिळतो, टोमॅटोला भाव मिळतो. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात लाखांनी उलाढाल होते. तो पैसा पेठेत किती दिवस राहतो? सकाळी पट्टी हातात येते, संध्याकाळपर्यंत ती रक्कम औषधाला, बियाण्याला, सुट्या भागांना, हप्त्याला निघून जाते. बाहेरचा माल घेऊ नका, असे मी म्हणत नाही. ज्याला जे स्वस्त आणि चांगले मिळेल ते त्याने घ्यावे, बंधने कोणावरच नकोत. माझा प्रश्न वेगळा आहे. आपल्या पेठेत असे काय तयार होते, की ज्यासाठी बाहेरचा पैसा आत येईल? कच्चा माल सोडला तर काही नाही.

रकाना नसलेला माणूस

मी शेतकीचा पदवीधर. उमेदवारीच्या काळात एका योजनेतून अनुदानावर पेरणी यंत्रे वाटायचे काम माझ्याकडे होते. यंत्र दिसायला झकास. आमच्याकडच्या भारी काळ्या जमिनीत घातले की फणात माती बसायची, नळी तुंबायची, दहा पावलांवर बी पडणे बंद. बनवणारा कारखाना तीनशे किलोमीटरवर. पत्रे लिहिली, उत्तर आले नाही. यंत्रे गोठ्यात गेली, कोंबड्या त्यावर बसू लागल्या.

एका शेतकऱ्याने आपले यंत्र बाजाराच्या दिवशी पेठेतल्या वेल्डिंगवाल्याकडे नेले. त्याने फणाचा कोन बदलला, नळी जरा मागे घेतली, दुपारी चहा पिऊन काम संपवले. यंत्र चालले. त्या हंगामात त्याच्याकडे तशी अकरा यंत्रे आली. मी अहवाल लिहायला बसलो, तर त्या वेल्डिंगवाल्याचे नाव लिहायला छापील नमुन्यात रकानाच नव्हता. किती वाटली, कोणाला वाटली, अनुदान किती, एवढेच रकाने. त्या दिवसापासून मला कळत गेले की आपल्याकडे अक्कल कमी नाही. त्या अकलेला बसायला जागा नाही.

मुंबईतून माघारी गेलेली दोन माणसे

ही जागा कशी असावी हे सांगण्यासाठी मी परदेशातले उदाहरण घेत नाही. मुंबई सोडून शेतकऱ्यांकडे गेलेल्या दोघांची हकिगत सांगतो.

पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. ती नोकरी सोडून बेळगावला गेले. तिथे सायकलचे दुकान होते, त्याला जोडून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. नांगराला आधी गिऱ्हाईक मिळेना. लोखंडाने जमीन नासते, असा लोकांचा समज होता. त्यांनी नांगर शेतात चालवून दाखवला, शेतकऱ्यांनी काढलेल्या खोड्या ऐकून सुधारला, मग तो खपला. 1910 मध्ये औंधच्या संस्थानिकांनी कुंडलजवळचा ओसाड माळ दिला आणि तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर आधी चालला आणि वाडी मागून वसली, हा क्रम लक्षात ठेवा.

दुसरे डॉ. श्रीनाथ कलबाग. इथून मेट्रोत बसलात तर थोड्याच वेळात अंधेरी येते. तिथे हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात ते वरच्या जागेवर होते. अमेरिकेतून डॉक्टरेट घेतलेला माणूस. पन्नाशी ओलांडल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि 1983 मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. पाबळ तुम्हाला सांगायला नको. मस्तानीची कबर असलेले गाव, पाऊस बेताचा, माळरान. बागायती गाव त्यांना सहज मिळाले असते. त्यांनी मुद्दाम कोरडवाहू गाव निवडले, कारण जे तिथे जमेल ते कुठेही जमेल.

त्यांनी काय केले? शाळेतून गळालेली पोरे घेतली. वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्याच्या साध्या तपासण्या, सगळे हाताने करत शिकायचे. आणि शिकण्यासाठी खोटे काम नाही, गावाला लागणारे खरे काम. जमिनीत पाणी कुठे आहे हे विजेच्या रोधावरून तपासायचे यंत्र घेऊन पोरे शेतावर जात आणि शेतकऱ्याकडून पैसे घेत. जीपचे जुने भाग वापरून त्यांनी छोटा ट्रॅक्टर बनवला. घुमटाच्या आकाराची घरे उभी केली. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एम.आय.टी. या संस्थेचे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब सुरू झाली. फॅब लॅब म्हणजे संगणकावर आराखडा काढून वस्तू कापणारी, घडवणारी यंत्रे सगळ्यांना वापरायला मिळतील अशी कार्यशाळा. आज शंभराहून अधिक देशांत अशा कार्यशाळा आहेत. एम.आय.टी.च्या बाहेर निघालेल्या अगदी पहिल्या काहींमध्ये आपले पाबळ आहे! 2003 मध्ये कलबाग गेले, काम आजही चालू आहे.

आता थोडा हिशेब आपलाही मांडू. 1979 मध्ये चाकणला शेतकरी संघटना उभी राहिली, तिथून पाबळ फार लांब नाही. शरद जोशी आंबेठाणला शेती करून तोट्याचा हिशेब मांडत होते आणि चारच वर्षांनी त्याच टापूत कलबाग आले. दोन्ही कामे शेजारी शेजारी चालली. आपण भाव मागत राहिलो, ते हात घडवत राहिले. भाव मागणे चूक नव्हते. पण शेगावला 1991 मध्ये आपणच चतुरंग शेती मांडली: सीताशेती, माजघर शेती, व्यापार शेती, निर्यात शेती. माजघर शेती म्हणजे माल घरात, गावात प्रक्रिया करून विकणे. त्यासाठी लागणारी कार्यशाळा मात्र आपण उभी केली नाही. हा दोष दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.

पाबळमुळे सगळ्या तालुक्याच्या पेठा फुलल्या, असा दावा मी करत नाही. एक केंद्र एवढे करू शकत नाही आणि ते केंद्र पेठेत नव्हतेही. माझे म्हणणे इतकेच, की तसे एक ठिकाण बाजाराच्या गावात, पेठेत आणा.

पैसा कसा थांबतो

कोणी विचारेल, चाकणला एवढे कारखाने आले, आणखी काय हवे? आले, चांगले झाले, पोरांना काम मिळाले. पण तिथे मोटारी बनतात. आपला कांदा चाळीत सडायचा तो सडतोच.

साधे गणित करा. कांद्यात शंभरात सत्त्याऐंशीच्या आसपास पाणी असते. सोललेला एक क्विंटल कांदा सुकवला तर तेरा-चौदा किलो चकत्या होतात. बाकी सगळे पाणी आपण भाडे भरून ट्रकने हलवतो. गुजरातेत भावनगर जिल्ह्यातल्या महुव्याने कांदा सुकवण्याचे कारखाने काढले आणि ते गाव त्या धंद्यावर वाढले. आपल्याच सांगली जिल्ह्यात तासगावकडच्या द्राक्ष बागायतदारांनी बेदाणा केला. चार किलो द्राक्षाचा साधारण एक किलो बेदाणा. शेडमध्ये जाळीचे मजले, द्राक्ष कशात बुडवायचे, हवा कशी खेळवायची, हे त्यांनी चुकत चुकत बसवले. मग शीतगृहे आली, सौदे सुरू झाले, देशभरचे व्यापारी येऊ लागले. शेड बांधणारा, जाळी विकणारा, निवडणाऱ्या बाया, खोकी करणारा, सगळ्यांचे पोट त्यावर चालले. बाहेरचा पैसा आत आला आणि आत चार हात फिरला. पेठ अशी जगते.

अटी

म्हणून मी तुमच्यापुढे एक ठराव मांडतो. आपल्या चार तालुक्यांतल्या एका बाजारगावी एक कार्यशाळा सुरू करायची. अटी मात्र पक्क्या.

एक: जागा पेठेतच हवी आणि बाजाराच्या दिवशी ती उघडी हवी. गावाबाहेर माळावर इमारत बांधली की तिथे उद्घाटनापुरती माणसे जातात.

दोन: इमारत आधी नाही. बंद पडलेले एखादे दुकान भाड्याने घ्या. वेल्डिंग यंत्र, लेथ, ड्रिल, सुकवणीचे एक यंत्र, पाणी तपासायची साधी उपकरणे आणि एक जाणता मिस्त्री. संगणकाची यंत्रे काम वाढेल तशी.

तीन: फुकट काही नाही. प्रत्येक कामाचे दाम घ्यायचे. भीक नको, घामाचे दाम हवे, हे आपण सरकारला सांगतो. मिस्त्रीलाही घाम येतो. अनुदानावर सुरू झालेले केंद्र अनुदानाबरोबर बंद पडते, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

चार: दर महिन्याला बाजाराच्या दिवशी हिशेब पेठेत मोठ्याने वाचायचा. त्यात न जमलेल्या कामांचीही यादी. हिशेब झाकला की पुढारी आत शिरतो.

पाच: भागभांडवलात निम्मे भाग बायकांच्या नावावर. लक्ष्मीमुक्तीत आपण जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर करा म्हटले होते. सुकवणे, निवडणे हे काम तिच्याच हाताने होणार, तर मालकीही तिची हवी.

आता तुमच्याकडे मागणे. मी झोळी घेऊन आलेलो नाही. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कारखान्यांची रांग होती. तिथे आता मॉल आणि टॉवर आहेत. त्या कारखान्यांत वीस वीस वर्षे लेथवर उभे राहिलेले टर्नर, फिटर आज या हॉलमध्ये बसले आहेत, कोणी वॉचमनची नोकरी करतो, कोणी नातवंडे सांभाळतो. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक बोटाला कळतो असे हे हात. तालुक्याने ते मुंबईला फुकट दिले. ते वर्षातून दोन महिने तालुक्याला परत द्या, फुकट नाही, रोज घेऊन. सोबत दोन पोरे उभी करा आणि त्यांना शिकवा.

हे फसणारच नाही असे वचन मी देत नाही. पहिल्या वर्षी सुकवलेला कांदा काळा पडेल, एखादे यंत्र मोडेल, लोक हसतील. लक्ष्मणरावांच्या नांगरालाही हसले होते. पण काहीच केले नाही तर काय होईल, ते मात्र मी खात्रीने सांगतो. आणखी दहा वर्षांनी त्या पेठेत कुलुपे विकणाऱ्याचे दुकान तेवढे चालेल.

बाहेर टेबलावर वही ठेवली आहे. देणगीचा आकडा तिच्यात लिहू नका. नाव लिहा, गाव लिहा, हाताला कोणते काम येते ते लिहा आणि कोणते दोन महिने देणार ते लिहा. या वहीत त्यासाठी रकाना आखला आहे.